ताळा जमला म्हणजे हिशेब खरा का?

दहा माणसांचा पैसा एका पेटीत आला, की तिथे हिशेब आला. हिशेब आला, की तो तपासणारा माणूसही हवा. बचत गट असो, गावची सेवा सहकारी सोसायटी असो, पतसंस्था असो की जिल्ह्याची मोठी बँक असो, सगळीकडे हाच नियम. पैसा एकाचा असतो आणि सांभाळतो दुसरा. म्हणून तिसऱ्याने येऊन पाहावे लागते.

या तिसऱ्या माणसाच्या कामाला हिशेबतपासणी म्हणतात. कायद्याच्या भाषेत लेखापरीक्षण. लोक म्हणतात ऑडिट. नागपूरकरांना हा शब्द नवा नाही. सिव्हिल लाइन्समध्ये महालेखाकारांची कचेरी आहे. लोक तिला एजी ऑफिस म्हणतात. सरकारी पैसा कसा खर्च झाला ते तिथले लोक तपासतात. आपल्या सोसायटीत आणि पतसंस्थेतही दरवर्षी ऑडिट होते. पण तो तपासणारा नेमके काय पाहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लोकांना वाटते, तो बेरजा तपासतो आणि सही करतो.

बेरजा तो तपासतोच. पण तेवढ्यावर भागत नाही. का भागत नाही, ते आता आपण पाहू.

ताळा जमतो, तरीही

समजा, एक पतसंस्था आहे. ३१ मार्चला तिचे वर्ष संपले. तिचा ताळेबंद असा:

संस्थेजवळ काय आहे? रोख शिल्लक २ लाख १० हजार रुपये. मोठ्या बँकेत ठेवलेली ठेव ४० लाख. सभासदांना दिलेली कर्जे १ कोटी २० लाख. टेबल, कपाट, संगणक मिळून ६० हजार. एकूण १ कोटी ६२ लाख ७० हजार.

संस्था कोणाचे किती देणे लागते? सभासदांच्या ठेवी १ कोटी ४५ लाख. भागभांडवल १२ लाख. राखीव निधी ५ लाख ७० हजार. एकूण १ कोटी ६२ लाख ७० हजार.

दोन्ही बाजू सारख्या. ताळा जमला. आता सांगा, हिशेब खरा का?

सांगता येत नाही. समजा, मोठ्या बँकेतली ती ४० लाखांची ठेव मुळात नाहीच. कोणीतरी ते पैसे केव्हाच काढून घेतले. पण वहीत ‘बँकेतील ठेव ४० लाख’ ही ओळ तशीच राहिली. तरीही ताळा जमतोच! वहीत खोटी ओळ लिहिली, तरी बेरीज बरोबरच येते. बेरजेला खरे-खोटे कळत नाही.

एवढी गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ताळा जमला नाही, तर हिशेबात चूक आहे हे नक्की. पण ताळा जमला, म्हणून हिशेब खरा असे होत नाही. त्यासाठी वहीच्या बाहेर जावे लागते. बाहेर जाऊन जे मिळवायचे, त्याला पुरावा म्हणतात. चांगली तपासणी म्हणजे पुराव्याचा शोध.

कशाचा पुरावा? सहा प्रश्न

पुरावा गोळा करायचा, पण कशाचा? ‘हिशेब बरोबर आहे का?’ हा प्रश्न फार मोठा आहे. एका घासात तो गिळता येत नाही. म्हणून तपासनीस त्याचे लहान लहान प्रश्न करतो. वहीतल्या प्रत्येक मोठ्या रकमेला तो हे सहा प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: ही वस्तू आहे का? वहीत ४० लाखांची ठेव लिहिली आहे. ती ठेव बँकेत खरोखर आहे का?

दुसरा: ती आपलीच आहे का? ठेव असेल, पण संस्थेच्या नावाने आहे की कोणा संचालकाच्या? ती गहाण ठेवून कोणी कर्ज तर उचलले नाही?

तिसरा: सगळे वहीत आले आहे का? सभासदांनी दिलेली प्रत्येक ठेव जमेला लागली का? एखाद्या सभासदाला पावती दिली आणि वहीत नोंदच केली नाही, असे तर झाले नाही?

चौथा: किंमत बरोबर धरली आहे का? कर्जे १ कोटी २० लाखांची दाखवली. पण त्यांतली किती परत येतील? पाच वर्षे एक हप्ताही न देणाऱ्याचे कर्ज पुऱ्या किमतीला धरणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

पाचवा: नोंद योग्य वर्षात झाली का? एप्रिलमध्ये आलेली वसुली मार्चमध्ये दाखवली, तर थकबाकी कमी दिसते. संस्था आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

सहावा: वाचणाऱ्याला कळेल असे मांडले आहे का? संचालकांनी स्वतः घेतलेली कर्जे ‘इतर येणे’ अशा गोड नावाखाली लपवली तर नाहीत?

हे सहा प्रश्न म्हणजे तपासणीची उद्दिष्टे. प्रश्न वेगळा, तर पुरावाही वेगळा. शेतकऱ्याच्या हातात सात-बारा आहे, म्हणजे जमीन त्याच्या नावावर आहे एवढे दिसते. पण त्या जमिनीत यंदा कापूस उभा आहे की नाही, हे सात-बारा पाहून नक्की होत नाही. बांधावर जावे लागते. तसेच इथे. ‘आहे का’ याचा पुरावा ‘आपले आहे का’ या प्रश्नाला चालत नाही.

दोन वाटा

इथे एक बारीक गोष्ट आहे. ती सोपी आहे, पण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

तपासनीस दोन वाटांनी चालतो. एक वाट वहीतून वस्तूकडे जाते. वहीतली ओळ धरायची आणि ती वस्तू शोधायची. वहीत खत विभागात युरियाची १०० पोती लिहिली आहेत. चला गोदामात, मोजू या. ९० भरली, तर वहीत १० पोती खोटी आहेत. या वाटेने खोट्या नोंदी सापडतात.

दुसरी वाट उलटी आहे. ती वस्तूकडून वहीकडे येते. गोदामात जे पोते दिसेल ते धरायचे आणि वहीत त्याची नोंद शोधायची. सभासदाच्या हातातली पावती घ्यायची आणि ती रोजकीर्दीत सापडते का ते पाहायचे. या वाटेने राहिलेल्या नोंदी सापडतात.

एकाच वाटेने गेले, तर अर्धेच दिसते. वहीत जे लिहिलेच नाही, ते वही कितीही वेळा वाचली तरी दिसणार नाही. म्हणून चांगला तपासनीस सभासदांची पासबुके मागवतो. पासबुकातली रक्कम आणि खतावणीतली रक्कम जुळवून पाहतो. तेव्हा ‘माझे पासबुक कशाला पाहिजे?’ असे म्हणून रागावू नका. ते तुमच्याच भल्याचे आहे.

कोणता पुरावा किती पक्का?

सगळे पुरावे सारख्या तोलाचे नसतात. खालच्या पायरीपासून वर चढू या.

सगळ्यांत खाली आहे तोंडचा शब्द. ‘पैसे बँकेत आहेत, साहेब, काळजी करू नका.’ हे ऐकून घ्यावे, पण त्यावर थांबू नये.

त्याच्या वर संस्थेने स्वतः लिहिलेला कागद. व्हाउचर, रोजकीर्द, चिटणिसाने केलेली यादी. हा उपयोगी असतो. पण ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच हाती लेखणी. म्हणून तो एकटा पुरत नाही.

त्याच्या वर बाहेरच्या माणसाने दिलेला, पण संस्थेच्या कपाटात असलेला कागद. दुकानदाराचे बिल, बँकेचे पत्र. हा अधिक बरा. तरी कागद खोटाही करता येतो.

त्याच्याही वर बाहेरच्याने थेट तपासनिसाला दिलेला जबाब. तपासनीस बँकेला पत्र लिहितो, ‘या संस्थेची तुमच्याकडे किती ठेव आहे ते कळवा.’ उत्तर चिटणिसाच्या हातून येत नाही. थेट तपासनिसाकडे येते. मध्ये कोणाचा हात लागत नाही, म्हणून त्याचे वजन मोठे.

आणि वस्तू आहे की नाही, एवढाच प्रश्न असेल, तर स्वतः जाऊन पाहणे आणि मोजणे याला तोड नाही.

यातून एक सरळ नियम निघतो. ज्याची तपासणी आहे, त्याच्यापासून पुरावा जितका दूरून येतो तितका तो पक्का. एक पुरावा दुसऱ्याशी जुळला, तर दोन्हींचे बळ वाढते. जुळला नाही, तर तिथेच थांबून खोदावे.

कोणी म्हणेल, ‘आमचे काकाजी तर देवमाणूस आहेत. वीस वर्षांपासून संस्था चालवतात. त्यांच्यावर शंका काऊन घ्यायची?’ बरोबर आहे. पण तपासणी ही शंका नव्हे. काकाजी खरे असतील, तर पुराव्याने त्यांचे नाव उजळच होईल. उद्या कोणी खोटा आळ घेतला, तर तोच पुरावा त्यांच्या कामी येईल. आणि सगळ्यांची तपासणी सारखीच होते म्हटल्यावर कोणाला वाईट वाटण्याचे कारण उरत नाही.

आधी आखणी, मग तपासणी

पतसंस्थेत वर्षाला हजारो नोंदी होतात. सगळ्या पाहायच्या म्हटले, तर तपासणीलाच वर्ष लागेल. म्हणून तपासनीस कामाची आखणी करतो. पेरणीआधी शेतकरी करतो ना, कोणत्या वावरात काय पेरायचे, बी किती लागेल, मजूर केव्हा बोलवायचे? तसेच हे.

आधी तो संस्था समजून घेतो. पैसा कुठून येतो, कुठे जातो, चाव्या कोणाकडे असतात, सही कोण करतो. पावती फाडणारा, पैसे मोजणारा आणि वही लिहिणारा हे तिघे वेगळे आहेत, की सगळे एकाच माणसाच्या हाती आहे? एकाच हाती असेल, तर धोका मोठा.

मग तो मोठ्या रकमा आणि धोक्याच्या जागा शोधतो. आपल्या उदाहरणात टेबल-कपाट ६० हजारांचे आहे. त्यात थोडी चूक असली, तरी संस्था बुडणार नाही. पण ४० लाखांची ठेव आणि १ कोटी २० लाखांची कर्जे? तिथे चूक असली, तर ठेवीदाराच्या घरातले लग्न मोडेल, कोणाचा दवाखाना अडेल. म्हणून वेळ तिथे घालवायचा. चार दिवस खुर्च्या मोजायच्या आणि ठेवीच्या ओळीवर नुसती खूण करून पुढे जायचे, ही तपासणी नव्हे.

बाकी ठिकाणी तो नमुना घेतो. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. पण भात बुडाशी करपलेला असेल, तर वरच्या शितावरून कळत नाही. म्हणून नमुना वरून, मधून आणि बुडातून घ्यायचा. कोणती कर्जे तपासायची हे तपासनिसाने ठरवायचे, चिटणिसाने नव्हे. चिटणीस चांगलीच खाती पुढे करील.

केव्हा जायचे, हेही आखणीत येते. रोकड मोजायला आधी सांगून जात नाहीत. आधी कळवले, तर कमी पडलेली रक्कम शेजाऱ्याकडून उसनी आणून पेटी भरता येते. संस्थेच्या दोन शाखा असतील, तर दोन्हीकडची रोकड एकाच वेळी मोजतात. नाही तर एकच रक्कम सकाळी एका शाखेत आणि दुपारी दुसरीत मोजली जाईल. मोजताना रोखपाल समोर हवा. मोजून झाल्यावर त्याची सही घ्यायची. म्हणजे मागाहून ‘रक्कम तुमच्या हातून कमी झाली’ असे म्हणायला जागा राहत नाही.

नागपुरात काय घडले

इथवर आपण समजा-समजा म्हणत आलो. आता खरी घडलेली गोष्ट सांगतो. ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही शेतकऱ्यांची बँक. गावची सेवा सोसायटी शेतकऱ्याला पीककर्ज देते. तिला पैसा जिल्हा बँक पुरवते. काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड अशा तालुक्यांतल्या लोकांच्या ठेवी या बँकेत होत्या.

बँकेजवळचा पैसा नुसता पडून ठेवत नाहीत. त्यातला काही सरकारी रोख्यांत गुंतवतात. सरकारी रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाची लेखी हमी. ठरलेल्या मुदतीने सरकार ते पैसे व्याजासह परत करते. म्हणून रोखे ही फार सुरक्षित गुंतवणूक समजतात.

२००१-०२ च्या सुमाराला या बँकेने रोखे घेण्यासाठी खाजगी दलाल कंपन्यांकडे पैसे दिले. रक्कम १०० कोटी रुपयांहून मोठी होती. त्या कंपन्यांत होम ट्रेड नावाची एक कंपनी होती. नामांकित खेळाडू आणि सिनेनट तिच्या जाहिरातींत झळकत होते. बँकेने पैसे दिले. पण रोखे काही बँकेच्या हाती आले नाहीत.

आता आपल्या पायऱ्या आठवा. बाजारात संत्र्याच्या शंभर पेट्यांचे पैसे दलालाला मोजून दिले. त्याने चिठ्ठी लिहून दिली, ‘शंभर पेट्या घेतल्या.’ ती चिठ्ठी म्हणजे संत्री नव्हेत. चिठ्ठीवरून एवढेच कळते, की सौदा झाला असे दलाल म्हणतो. पेट्या गाडीत चढल्या, तेव्हा माल आपला. रोख्यांचेही असेच. रोखे खरोखर घेतले असते, तर दोहोंपैकी एक गोष्ट दिसायला हवी होती. एक तर रोख्याचा कागद बँकेच्या तिजोरीत. नाही तर रिझर्व्ह बँकेच्या दप्तरात या बँकेच्या नावाची नोंद. दलालाचा कागद या दोहोंपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही.

एप्रिल २००२ मध्ये सहकार खात्याच्या विशेष लेखापरीक्षकांनी पोलिसांत तक्रार दिली. पुढे राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला. खटला फार लांबला. २२ डिसेंबर २००३ नव्हे, २२ डिसेंबर २०२३ या दिवशी नागपूरच्या न्यायालयाने निकाल दिला. म्हणजे एकवीस वर्षांनी! बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष धरून सहा जणांना दोषी ठरवून न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. तिघांना निर्दोष सोडले. शिक्षा झालेल्यांच्या वतीने निकालावर पुढे अपील झाले.

होम ट्रेडच्या व्यवहारात फक्त नागपूरची बँक अडकली असे नाही. वर्धा आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, इथल्या जिल्हा बँकांचेही पैसे गुंतले होते. याच वर्षी, २००२ साली, रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसाठी रोख्यांचे नियम कडक केले. रोखे कागदाच्या रूपात न ठेवता अधिकृत खात्यात नोंदवून ठेवावेत, असे ठरले. खात्यातली नोंद तिसऱ्याच्या दप्तरात असते. दलाल किंवा चिटणीस ती आपल्या हाताने लिहू शकत नाही.

नागपूरच्या बँकेला पुढे फार कठीण दिवस आले. बँक चालवायला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, तो तिच्याजवळ नव्हता. २०१४ साली केंद्र सरकारने देशातल्या अशा २३ विनापरवाना जिल्हा बँका सावरण्यासाठी मदत मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातल्या तीन बँका होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. ही मदत आली कुठून? सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून.

‘रोखे दाखवा’ हे दोन शब्द किती मोलाचे आहेत, ते यावरून कळते. पैसे देण्याच्या वेळी विचारले असते, तर काम थोडक्यात झाले असते. मागाहून विचारले, तर एकवीस वर्षे कोर्टात गेली.

दूरदेशीचा धडा

अशा गोष्टी साऱ्या जगात घडतात. १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स नावाच्या औषधांच्या मोठ्या कंपनीचे बिंग फुटले. तिच्या हिशेबात सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरची मालमत्ता होती. त्यातला जवळजवळ १ कोटी ९० लाख डॉलरचा माल आणि येणे मुळात नव्हतेच. गोदामे कागदावर, गिऱ्हाईक कागदावर, विक्रीही कागदावर. तपासनीस दरवर्षी येत. कागद पाहत. कागद एकमेकांशी चोख जुळत. पण गोदामात जाऊन माल कोणी पाहिला नाही. गिऱ्हाइकांना पत्र घालून ‘तुम्ही इतके देणे लागता का?’ असे कोणी विचारले नाही. तेव्हाच्या रिवाजात ते बसत नव्हते.

त्यानंतर तिथल्या तपासनिसांच्या संस्थेने रिवाज बदलला. मालाची मोजणी चालू असताना तपासनिसाने हजर राहावे. ज्यांच्याकडून येणे आहे, त्यांच्याकडून थेट जबाब मागवावा. हे दोन नियम आता जगभर पाळतात. ते पुस्तकी वाटतात, पण मोठी ठेच लागून शिकलेले आहेत.

तपासणीला मर्यादाही असते

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऑडिट झाले म्हणजे एक पैही इकडची तिकडे झाली नाही, अशी हमी मिळत नाही. तपासनीस नमुना पाहतो, सगळे पाहत नाही. चार जणांनी संगनमत करून खोटे कागद केले, तर ते पकडणे कठीण जाते. तपासनीस पोलीस नव्हे. पण डोळे मिटून सही करणाराही नव्हे. पुरेसा आणि योग्य पुरावा मिळवून मगच मत द्यावे, ही त्याची जबाबदारी. पुरावा मिळाला नाही, तर त्याने अहवालात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. म्हणून अहवालाचे शेवटचे पानच नव्हे, मधले शेरेही वाचावे लागतात.

सभासदाने काय करावे?

आता तुम्ही म्हणाल, ‘हे सगळे साहेब लोकांचे काम. आम्ही काय करणार?’ तुम्ही पुष्कळ करू शकता. तुम्हाला वाचता येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा तुमच्या पाठीशी आहे.

या कायद्याप्रमाणे संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत तपासणी पुरी व्हावी लागते. शासनाने मान्य केलेल्या यादीतून तपासनीस निवडण्याचा हक्क सभासदांच्या वार्षिक सभेला आहे. रोख शिल्लक आणि रोखे यांची पडताळणी करावी, असे कायद्यातच लिहिले आहे. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. तिथे ऑडिटचा अहवाल सभासदांपुढे ठेवायचा असतो. तपासनिसाने दाखवलेले दोष दुरुस्त करून संस्थेला त्याचा अहवालही द्यावा लागतो.

आणखी एक हक्क आहे. तपासलेला शेवटचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक सभासदाला संस्थेच्या कचेरीत, कामाच्या वेळेत, फुकट पाहता येते. स्वतःच्या खात्याच्या नोंदीही पाहता येतात. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

हा हक्क पतसंस्थेच्या सभासदाने तर जरूर वापरावा. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तिथे डोळस सभासद हाच मोठा आधार.

तेव्हा वार्षिक सभेला नुसते चहा-चिवड्यापुरते जाऊ नका. उभे राहा आणि आदराने विचारा. चांगल्या संचालकांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याला तो का येतो, याचा सगळ्यांनी मिळून विचार करावा.

वाचून झाल्यावर आपसात बोला

१. आपल्या गटाचा किंवा संस्थेचा पैसा कुठे ठेवला आहे? तो तिथे आहे याचा पुरावा कोणी पाहिला? केव्हा पाहिला?

२. तो पुरावा आपल्याच माणसाने लिहिलेला आहे, की बाहेरून आलेला?

३. आपल्याकडे पावती फाडणारा, पैसे सांभाळणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस आहे का?

४. तुमच्या पासबुकातली रक्कम आणि संस्थेच्या वहीतली रक्कम यांचा मेळ तुम्ही शेवटचा केव्हा घातला?

५. गेल्या वर्षीच्या ऑडिट अहवालात कोणते दोष दाखवले होते? ते दुरुस्त झाले का?

या पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढा. ज्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही, तोच प्रश्न येत्या सभेत पहिल्यांदा विचारा.